झिरमाळचे एकेचाळीस नकाशे

विश्वनाथ गजभियेच्या मुलीनं ज्या करारावर सही केली, त्याच्या शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. वामन सोमकुवर, सेवानिवृत्त, राहणार इंदोरा, नागपूर. ती सही मी चष्मा न लावता केली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढं सांगताना मी कोणाला दोष देतोय असं वाटलं, तर हे ध्यानात असू द्या.

विश्वनाथ आणि मी एकाच सरकारी कार्यालयात अनुरेखक होतो. लोक ट्रेसर म्हणायचे. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं तो गिरवायचा, एवढंच काम. धरणं, कालवे, पाटचाऱ्या, बुडीत क्षेत्रं. आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. माझा हात बरा होता. विश्वनाथचा हात देवानं दिला असं म्हणता येत नाही, कारण आम्ही दोघंही देव मानणारे नव्हतो, पण तसा हात मी दुसरा पाहिला नाही. डोंगराच्या एका उतारावर सारखी उंची दाखवणाऱ्या चाळीस-चाळीस रेघा यायच्या, केसासारख्या, आणि त्यातली एकही दुसरीला शिवायची नाही. रेघ ओढताना तो श्वास रोखायचा, संपली की सोडायचा. दिवसभर शेजारून तो आवाज येत राहायचा. मोठे साहेब पाहुण्यांना त्याच्या टेबलापाशी घेऊन यायचे. तो मान वर करायचा नाही.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात त्याला साहेबांबरोबर एका गावी पाठवलं. गाव धरणात जाणार होतं. शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरला आणि लोक आपापलं घर त्यात शोधू लागले. कवडू नावाचा एक म्हातारा पुढं आला. त्यानं विचारलं, "साहेब, माहं घर या निळ्या रेघेच्या आत हाय का बाहीर?"

विश्वनाथनं पाहून सांगितलं, "आत."

म्हाताऱ्यानं नकाशावर वाकून ती रेघ पाहिली. मग अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मंग रेघ जराशी इकून घ्या ना. पेन त तुमच्याच हातात हाय."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात विश्वनाथनं मला हे सांगितलं. "वामन, त्याले काय सांगू मी? पेन माह्या हातात हाय, रेघ नाही." त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही.

त्याच आठवड्यात छपाईच्या यंत्रातून एक प्रत खराब निघाली. अमोनियावर छापायचं ते यंत्र मधेच अडकलं आणि कागदावर मोठा निळा-तपकिरी डाग पडला. असे कागद आम्ही घरी न्यायचो, पुस्तकांना कव्हर घालायला. विश्वनाथनं तो घरी नेला. त्याची मुलगी रितिका तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं डागाभोवती बोट फिरवलं.

"बाबा, हे काय होय?"

"तूच सांग."

"देश होय," ती म्हणाली.

नावही तिनंच ठेवलं. झिरमाळ. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

विश्वनाथनं डागाच्या कडेनं शाई फिरवून किनारा काढला, दक्षिणेला समुद्र केला. उत्तरेला डोंगर हवेत म्हणून तिनं करवतीसारखे दात काढले, त्यांचं नाव दातेरी. मग तिनं खडू घेऊन एक नदी ओढली. समुद्राजवळ सुरू केली आणि डोंगराकडं नेली.

"पाणी चढत नाही वं बेटा," विश्वनाथ म्हणाला.

"या नदीले येते चढता."

दुसऱ्या बापानं हसून सोडून दिलं असतं. विश्वनाथ दोन दिवस विचार करत राहिला. कार्यालयातही त्याचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्यानं माझ्यासमोर कागद ठेवला. समुद्राला लागूनच त्यानं एक पठार उभं केलं होतं आणि आत, दातेरीच्या पायथ्याशी, मोठा सखल भाग काढला होता. नदी पठारावर उगम पावायची आणि समुद्राकडं पाठ करून आत वाहत जायची. तिथं तिला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तळं झालं. पाणी उन्हानं उडून जायचं आणि मीठ मागं राहायचं. पोरीची नदी खरी झाली होती. पाणीही कुठं चढलं नव्हतं. तिचं नाव त्यानं उफराटी ठेवलं.

"आता मीठ आलं," तो मला म्हणाला. "मीठ आलं म्हणजे न्यायले लोक आले. दातेरीच्या मागं पाऊस पोचत नाही, मीठ पण नाही. मागचे लोक घाट उतरून येतीन. म्हणजे घाट पायजे. घाट आला की त्याच्या तोंडावर कोणीतरी नाका टाकून बसते. बस, भांडण सुरू."

त्याचा क्रम असा ठरलेला होता. आधी पाणी, मग वाट, मग गाव, मग भांडण. रितिकाला गोष्टी सुचायच्या आणि बाप त्यांना जमीन द्यायचा. ती म्हणायची, इथं राणीचं शहर. तो म्हणायचा, इथं विहिरी खारट लागतील, राणी काय पिऊन राहील? मग शहर वीस कोस वर सरकायचं, दोन नद्यांच्या संगमावर, आणि त्याचं नाव दोनमुखी पडायचं. राणीचं शहर संगमावर गेलं की पुराची भीती आली, म्हणून घरं उंच जोत्यावर आली, म्हणून तिथले लोक पायऱ्यांवर बसून बोलणारे झाले. डोंगरामागच्या लोकांना 'पाठचे' म्हणत. त्यांच्या बोलीत धुळीसाठी अकरा शब्द होते आणि भिजण्यासाठी एकही नव्हता. हे सगळं त्या नकाशातून निघालं. रितिका अकरावीत असताना मला एकदा म्हणाली होती, "काका, मी गोष्ट बनवत नाही. बाबानं काढलेल्या रस्त्यानं चालत जाते, तिथं कोणी ना कोणी भेटते."

एका गोष्टीवर मात्र बाप-लेकीचं पटायचं नाही. तिला कथेत दोनमुखी बुडवायची होती. विश्वनाथ म्हणायचा, "झिरमाळमंधी कोणाचं गाव बुडणार नाही. दुसरं काही पण कर." ती चिडायची, पण गाव बुडालं नाही.

कार्यालयात संगणक आले. नकाशे पडद्यावर निघू लागले. अनुरेखकांची टेबलं एकेक करून हलली. मला भांडारात टाकलं, विश्वनाथला आवक-जावकला. त्या हातानं त्यानं निवृत्तीपर्यंत पाकिटांवर क्रमांक घातले. कुरकुर केली नाही. संध्याकाळी घरी जायचा, हात धुवायचा आणि खिडकीशी मांडलेल्या, नकाशे काढायच्या पाटावर कागद लावायचा. इंदुताई, त्याची बायको, म्हणायच्या, "याहीचं खरं ऑफिस आता सुरू होते." अठरा वर्षांत एकेचाळीस मोठे कागद झाले. देशाचा एक, मुलखांचे सात, बाकी शहरं, घाट, नद्यांची खोरी, पावसाचे, वाऱ्याचे. दोनमुखीच्या नकाशात प्रत्येक विहीर होती. कुठली गोड, कुठली मचूळ, तेही लिहिलेलं होतं.

रितिका इंजिनिअर झाली. एकोणीस साली तिला नागपुरातच, धंतोलीत नोकरी लागली. खाली दवाखाना, मधे पॅथॉलॉजी आणि तिसऱ्या मजल्यावर मोबाइलवरचे खेळ बनवणारी छोटी कंपनी. बारा-तेरा पोरं-पोरी. जिन्यात विदर्भभरातून आलेले पेशंट रिपोर्ट धरून बसलेले आणि वर ही मंडळी राक्षस रंगवत बसलेली. मालक पियूष नावाचा तिशीतला तरुण होता. त्याला मोठा खेळ बनवायचा होता. त्यात एक अख्खं जग हवं होतं आणि ते जमत नव्हतं. रितिकानं त्याला तीन कागद दाखवले. तो त्याच रविवारी घरी आला.

त्या दिवशी मीही होतो. पियूषनं जेवण होईपर्यंत दम धरला. मग खाली सतरंजीवर एकेचाळीस कागद एकामागून एक उलगडले. तो गुडघ्यावर बसून पाहत होता. दीड तास झाला असेल. शेवटी विश्वनाथकडं पाहून म्हणाला, "काका, आम्ही आतापर्यंत फक्त रंगीत पडदे बनवून राहिलो होतो. ही जमीन आहे." मी सांगतो, तो खोटं बोलत नव्हता.

करार आला तो चौदा पानांचा, इंग्रजीत. रितिका वाचून मराठीत सांगत गेली. देश, त्याचे नकाशे, नावं, माणसं, गोष्टी, सगळ्याचे हक्क कंपनीला, जगभर, कायमचे.

इंदुताई पोळ्या लाटत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "कायमचे काहून? भाड्यानं नाही देता येत का?"

आम्ही हसलो. तिघंही हसलो. त्या घरात त्या दिवशी जी एक शहाणी गोष्ट बोलली गेली, तिला आम्ही हसलो.

रितिका पेन हातात घेऊन थांबली. "बाबा, राहू देऊ का?"

विश्वनाथनं कागद तिच्याकडं सरकवला. "कर सही. कपाटातला देश कोणाचा देश होत नाही वं. तिथं माणसं गेली पायजे."

तिनं केली. मग नकाशे त्याच्या हातचे म्हणून त्यानं केली. मग मी केली.

नंतरची तीनेक वर्षं चांगली गेली. ते चांगलं खरं होतं, म्हणून तेही सांगतो. विश्वनाथ आठवड्यातून तीनदा सिटी बसनं धंतोलीला जायचा. पोरं त्याला 'नदीवाले काका' म्हणायची. पडद्यावर कोणी डोंगर चुकीच्या जागी उभा केला, तर तो म्हणायचा, "याच्या मागं ढग कुठून आणशीन?" आणि पोरगं मुकाट्यानं डोंगर हलवायचं. एकदा त्यानं मला तिथं नेलं. रितिकानं पडद्यावर दातेरीचा घाट दाखवला. चढताना हवा बदलत होती, झाडं खुजी होत होती आणि माथ्यावरून पलीकडं पाठच्यांचा कोरडा, पिवळा मुलूख दिसत होता. सहा वर्षांच्या मुलीनं करवतीचे दात काढले होते ते हे. विश्वनाथ पडद्याकडं पाहत नव्हता, पोरीकडं पाहत होता.

तेवीस साली पियूषचे पैसे संपले. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीनं त्याची कंपनी विकत घेतली. त्यांना पोरं नको होती, खेळ हवा होता. एका शुक्रवारी सगळ्यांना कामावरून काढल्याचे मेल आले आणि सोमवारी तिसऱ्या मजल्याला कुलूप लागलं. रितिकालाही मेल आला. त्यात तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं.

ती पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. मग उठली आणि कामाला लागली. लहानपणापासूनच्या गोष्टी तिच्या वह्यांत होत्या, त्यांचं पुस्तक करायचं ठरवलं. पाठच्यांची एक मुलगी मीठ आणायला घाट उतरते, तिथून सुरुवात. पहिली चार प्रकरणं मी वाचली आहेत. मी काही जाणकार नाही, पण वाचताना माझ्या जिभेवर मीठ आलं. तिनं प्रामाणिकपणे नव्या कंपनीला पत्र लिहिलं की मी असं पुस्तक करते आहे, परवानगी द्यावी.

उत्तर वकिलाकडून आलं. पुस्तक करता येणार नाही. झिरमाळ किंवा त्यातली कुठलीही जागा, माणूस, नाव वापरून काहीही लिहिता, काढता, दाखवता येणार नाही. आणि कराराच्या नवव्या कलमाप्रमाणे मूळ नकाशे कंपनीच्या मालकीचे आहेत, ते तीस दिवसांत जमा करावेत.

मी त्यांना कोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलाकडं नेलं. त्यानं चौदा पानं वाचली, चष्म्याची काच पुसली, पुन्हा वाचली.

"सही तुमचीच आहे ना?" त्यानं रितिकाला विचारलं.

"हो."

"आणि हे साक्षीदार?"

"मी," मी म्हणालो.

त्यानं कागद परत दिले. बाहेर आल्यावर जिन्यात विश्वनाथ थांबला. म्हणाला, "वामन, मी धरणातल्या लोकाहीले जमिनीच्या कागदावर अंगठे देताना पाह्यलं हाय. शाईचं पॅड मीच धरलं हाय एकदोनदा. तेव्हा वाटे, हे लोक वाचत काहून नाहीत." मी रिक्षा बोलावली.

नकाशे न्यायला पियूष स्वतः आला. खेळ पूर्ण होईपर्यंत त्याला त्या कंपनीत ठेवलं होतं. दारातच म्हणाला, "काका, मी कुरिअरवाल्याला पाठवणार होतो, पण बरं नाही वाटलं." त्याचे डोळे भरले होते. असतील खरंच भरले. मी ते खोटं म्हणत नाही. पण तो आला होता न्यायलाच.

विश्वनाथनं आदल्या दिवशी सगळं तयार ठेवलं होतं. प्रत्येक कागद मऊ कापडानं पुसला, मधे पातळ कागद घातला, गुंडाळ्या केल्या, सुती नाडीनं बांधल्या. कोणाचं प्रेत सजवताना जितकी काळजी घेतात तितकी. त्यानं एकेक गुंडाळी पियूषच्या हातात दिली.

"सव्वीस नंबरले ऊन लागू देऊ नको. त्याची शाई उडते."

"हो काका."

"तेरावा मधून उसवला हाय. उलगडताना खालून हात देजो."

"हो."

"पावसाचे नकाशे आडवे ठेवजो. उभे ठेवले त वाकतेत."

पियूष मान हलवत राहिला. रितिका स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. एकदाही पुढं आली नाही. गाडीचा आवाज गेल्यावर ती आत आली. पाट रिकामा होता. तिनं अगदी हळू विचारलं, "बाबा, मी थांबली होती ना?"

विश्वनाथनं वर पाहिलं.

"सही करताना. मी थांबली होती. राहू देऊ का म्हटलं होतं तुमाले. तुमीच म्हटलं, कर."

"हो," विश्वनाथ म्हणाला.

"काहून म्हटलं?"

इंदुताई मधे पडल्या, "रितू, जाऊ दे वं." पण ती बापाकडंच पाहत होती. तिला भांडायचं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. विश्वनाथकडं उत्तर नव्हतं असं नाही. त्यानं ते एकदा दिलं होतं, माणसं गेली पायजे तिथं. पण आता ते उच्चारायची त्याची छाती झाली नाही. तो उठला आणि पाटाखाली पडलेल्या नाड्या गोळा करू लागला.

दोन महिन्यांनी रितिका हैदराबादला गेली. घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत नकाशाचंच काम. लोकांचे पत्ते चुकीच्या ठिकाणी दिसतात, ते बरोबर जागी आणायचे. दिवसाला सहाशे पत्ते. रविवारी फोन करायची. आई, जेवली का. बाबा, बीपीची गोळी घेतली का. ठीक आहे. सगळं ठीक आहे. फोन तीन-चार मिनिटांत संपायचा.

गेल्या हिवाळ्यात तो खेळ आला. वर्तमानपत्रात पाव पानाची जाहिरात होती. रितिकानं आईला सांगून ठेवलं होतं, माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही. विश्वनाथचा फोन साधा, म्हणून तो सकाळीच माझ्याकडं आला. अंगणात खुर्च्या टाकून आम्ही माझ्या फोनवर तो खेळ उतरवला. आधी बराच वेळ संगीत वाजलं. मग नकाशा उघडला.

किनारा तोच होता. तो डाग मी कुठंही ओळखला असता. विश्वनाथनं चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाशी धरला.

"वामन, उफराटी पाह्य."

उफराटी सरळ समुद्राकडं वाहत होती. बाकीच्या नद्यांसारखी. कोणाला तरी ते गोंधळाचं वाटलं असेल. नाव तसंच ठेवलं होतं, पण नदीत उफराटं काही उरलं नव्हतं. तळं होतं, निळंशार, त्यात मासे उड्या मारत होते. मिठाची गोष्टच नव्हती. विश्वनाथनं बोटानं नकाशा वर सरकवला. घाट होता. त्याच्या पलीकडं, जिथं पाठच्यांचा मुलूख होता, तिथं सगळं करडं. त्यावर कुलपाचं चित्र.

"हे काय होय?"

मी वाचून सांगितलं, "हा भाग लवकरच येणार आहे म्हणे."

"कुठून येईन?" तो म्हणाला. "मीठच नाही त हे लोक घाट उतरून येतीन कशाले? त्याहीले जगाले कारणच नाही ठेवलं." तो मोठ्यानं बोलत नव्हता. कार्यालयात एखाद्याच्या नकाशातली चूक दाखवायचा, त्याच आवाजात बोलत होता. "घाट पण काहून ठेवला मंग? कोणी जाणारच नाही तिथून."

त्यानं फोन मला परत दिला. पुढं खेळ सुरू झाला, एक माणूस तलवार घेऊन धावू लागला, दर थोड्या वेळानं काहीतरी विकत घ्या असं येऊ लागलं. खाली लिहिलं होतं की पहिल्याच आठवड्यात लाखो लोक झिरमाळमध्ये येऊन गेले. ते मी त्याला वाचून दाखवलं नाही.

मीच त्याला म्हणालो, नवा देश काढ. कोण अडवते? माझ्या सहीनं माझंच अंग भाजत होतं, म्हणून मी हट्टाला पेटलो. त्याला सीताबर्डीला घेऊन गेलो. चांगले कागद घेतले, नवी पेनं घेतली. आता पेनं तशी मिळत नाहीत, चार दुकानं फिरलो. त्यानं घरी पाटावर कागद लावला. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. पहिल्या दिवशी त्यानं नुसता एक डोंगर काढला. दुसऱ्या दिवशी त्यातून निघणारी नदी. तिसऱ्या दिवशी सुंदर खोरं झालं आणि मला वाटलं, जमलं. चौथ्या दिवशी किनारा काढायला घेतला आणि हात थांबला.

मी वाकून पाहिलं. तोच डाग होता. तेच वळण, तीच खाडी.

"हात तिकडंच जाते, वामन."

त्यानं दुसरा कागद लावला. पुन्हा तेच. एक दिवस मी गेलो तर तो डाव्या हातानं काढत होता. बासष्ट वर्षांचा माणूस, जीभ दातांत धरून, लहान पोरासारखा. रेघ थरथरत होती, फाटत होती, पण ती थरथरणारी रेघही त्याच खाडीत शिरली. त्यानं पेन खाली ठेवलं. मग मला विचारलं, "हे पण त्याहीचंच झालं ना?"

कलमात 'कुठल्याही स्वरूपात' असं होतं.

त्यानं कागदाचे चार तुकडे केले. इंदुताईंनी ते रद्दीत टाकले. पेनं त्यानं धुवून, कोरडी करून, डबीत ठेवली.

बुद्धपौर्णिमेला रितिका दोन दिवस घरी आली. खीर झाली, लोक आले-गेले. बाप-लेक एकमेकांशी फार जपून बोलत होते, दवाखान्यात बोलतात तसे. हैदराबादचं पाणी, नागपूरचं ऊन, गाडीचं तिकीट. जायच्या दिवशी मी तिला स्टेशनवर सोडायला निघालो. रिक्षात ती मला म्हणाली, "काका, मी दुसरं काही लिहायचा प्रयत्न केला. झिरमाळ नाही. दुसरीच जागा, दुसरी माणसं. तीन पानं झाली."

"मग?"

"मग एक गाव आलं. म्हटलं, या गावाले पाणी कुठून येते? तिथं थांबली." ती बाहेर पाहत होती. "ते बाबाले विचारावं लागलं असतं."

"तर विचार ना वं. तो घरातच बसला आहे. आत्ता फोन कर."

"नाही विचारू शकत, काका. मी फोन हातात घेते आणि सहीच आठवते." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "तुमी त्याहीले सांगू नका."

मी सांगितलं नाही. घरी येताना त्यांच्या दारावरून आलो. विश्वनाथ गॅलरीत उभा होता. वरूनच विचारलं, "गाडी वेळेवर होती?" मी म्हटलं, होती. मी सांगायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. तिची तीन पानं आणि त्याचा रिकामा पाट यांच्यामध्ये एक प्रश्न होता, नेमका तोच जो तिला फक्त विश्वनाथलाच विचारायचा होता, आणि तो मी खिशात घालून घरी गेलो.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या फ्लॅट स्कीमच्या सेक्रेटरीनं त्याला गाठलं. पार्किंगवरून रोज भांडणं व्हायची, तर काका, तुम्ही नकाशाच्या लाइनीतले, एक आखून द्या. विश्वनाथ नाही म्हणाला नाही. टेप घेऊन खाली गेला, खांबांमधलं अंतर मोजलं आणि दोन तासांत काढून दिलं. चौदा चारचाकी, बावीस दुचाकी, येण्याची बाजू, जाण्याची बाजू. सेक्रेटरीनं तो लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावला. गाड्या आता रांगेत लागतात, भांडणं थांबली आहेत.

मागच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा तो टीव्हीसमोर बसला होता. टीव्ही बंद होता. मी विचारलं, "काय करून राहिला गा?"

"काही नाही," तो म्हणाला.

खरंच तो काही करत नव्हता. इंदुताईंनी चहा दिला. आम्ही तो प्यायलो. मग वीज गेली, थोडा वेळ अंधारात बसलो आणि मी घरी आलो.